गाडी रिकामी करून आणावी

मालक सांगायला लागला की ओळंबा हात वर करतो. "थांबा. आधी मला चालवू द्या, मग बोला."

चालवायला तो एकटा जातो. रेडिओ बंद, काचा वर, शेजारची सीट मोकळी. अर्ध्या-पाऊण तासाने परत येतो, किल्ली टेबलावर ठेवतो आणि गाडीचं दुखणं सांगतो. बहुतेक वेळा मालक सांगणार असतो तेच निघतं, वर कारणही मिळतं. एकतीस वर्षं हे असंच चालू आहे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या घेऊन तर लोक दोन-दोन तासांवरून येतात. साध्या गाडीत दोष जिथे असतो तिथेच कुरकुरतो. या गाड्यांत चारही चाकं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे पाप एकाचं आणि बोंब दुसऱ्याची. स्टिअरिंग ओढतंय म्हणून पुढचं सगळं बदलून झालेली गाडी त्याच्याकडे येते आणि दोष मागच्या टायरात सापडतो.

ओळंबा हे त्याचं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला जे वजन सोडतो, तो ओळंबा. चाकांची दिशा मोजायचं मशीन या भागात आलं नव्हतं तेव्हा हा तरुण मेकॅनिक एका गवंड्याचा ओळंबा मागून आणायचा, चाकाच्या कडेला धरायचा आणि तो जिथे टेकेल तिथे जमिनीवर खडूने खूण करायचा. मशीन आलं, ओळंबा खिळ्यावर गेला, नाव मात्र कायमचं चिकटलं. आता बायको सोडून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात. बायको 'अहो' म्हणते, तेही काम असलं तर.

गॅरेजच्या दारावर पाटी आहे: 'गाडी रिकामी करून आणावी.' अक्षरं त्याचीच, तेवढी मात्र सरळ नाहीत. बावीस वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याच्या गाडीखाली वेल्डिंग करताना ठिणगी उडाली. डिकीत थिनरचे डबे होते. गाडी गेली, छप्पर गेलं, ओळंब्याची डावी भुवई गेली. ती काही परत आली नाही. तेव्हापासून गॅरेजात येणाऱ्या गाडीच्या डिकीत छत्रीसुद्धा चालत नाही. पुढे त्याला या नियमाचा आणखी एक फायदा कळला. सामानाचा खडखडाट नसला की गाडीचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. नियम इतका अंगात मुरला की आपण तो केव्हातरी केला होता, हेही तो विसरून गेला.

त्याची थोरली बहीण, ताई, बासष्ट वर्षांची. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाल्यावर लोक विश्रांती घेतात. ती तिसऱ्या आठवड्यात ऑक्सिजनच्या कामाला लागली. वर डोंगरातल्या वस्त्यांवर अकरा माणसं अशी आहेत की ज्यांचा श्वास सिलिंडरवर चालतो. आठवड्याला तीन फेऱ्या. भरलेली सिलिंडरं वर न्यायची, रिकामी खाली आणायची, जाता-येता नाडी बघायची आणि गोळ्या चुकवणाऱ्यांना झाडायचं. रस्ता अरुंद, चढ असा की ओल्या दिवसांत साधी गाडी अर्ध्यावर मान टाकते. म्हणून तिच्याकडे बारा वर्षं जुनी, चारही चाकांनी ओढणारी लांब गाडी. ओळंब्यानेच शोधून दिलेली.

तीन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "धाकट्या, गाडी माझं ऐकत नाही."

"सिलिंडर उतरवून घेऊन ये," तो म्हणाला. पुढचं ऐकायला थांबला नाही.

पहिल्या खेपेला चोर लगेच सापडला. पंक्चर झालं म्हणून कुणीतरी एकच टायर नवा घातला होता. बाकी तीन झिजलेले. त्याने चारही टायरांना फीत लावून घेर मोजला, नव्याचा अडीच सेंटिमीटर जास्त. चार चाकं एकमेकांना बांधलेली असताना एकाचं पाऊल लांब पडलं की बाकीची फरफटतात. पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी वळवली की ती सशासारखी उड्या मारायची, ते यामुळेच. टायर बदलला, उड्या थांबल्या. ओळंबा खूश.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन. "उड्या थांबल्या रे. पण मी उड्यांबद्दल बोलतच नव्हते."

"मग?"

"उतरताना मागचा भाग वेगळा निघतो. मी एकीकडे जाते, तो दुसरीकडे."

दुसऱ्या खेपेला त्याने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. मशीनवर चाकांची दिशा बघितली, काट्यावर काटा. लिफ्टवर चढवून बेअरिंग, सांधे, सांध्यांमधले रबरी बुश, सगळं पहारीने हलवून पाहिलं. शेवटी डोंगराच्या रस्त्यावर नेली. चार वेळा चढला, चार वेळा उतरला. गाडी रुळावरून चालल्यासारखी.

"ताई, गाडी ठणठणीत आहे."

"म्हणजे मी ठणठणीत नाही."

"मी तसं म्हटलं का?"

"आता म्हणायचं काय राहिलं?"

ती गाडी घेऊन गेली. आणि या सोमवारी, खाली उतरताना, पाण्याच्या टाकीजवळच्या उजव्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि कठड्यावर आदळला. डावा मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. सिलिंडर पट्ट्यांनी आवळलेली होती, जागची हलली नाहीत. ताईला खरचटलंही नाही. कठडा तिथे संपला असता तर खाली चाळीस फूट होते.

मंगळवारी भाचा गॅरेजात आला. ताईचा एकुलता मुलगा, शाळेत गणित शिकवतो आणि घरीही तेच करतो. उभ्या उभ्याच बोलला.

"मामा, एकच विचारतो. गाडीत दोष आहे का?"

"मला सापडला नाही."

"म्हणजे नाही."

"सापडला नाही म्हणजे नाहीच असं..."

"एकतीस वर्षांत तुला न सापडलेले दोष किती?"

ओळंब्याने हात पुसायचं फडकं उचललं. खरं उत्तर द्यायचं तर आठवावं लागलं असतं. त्याने सोपं दिलं. "असा नाही कुठला."

"मग झालं. गाडी किंवा आई. गाडी नाही." भाच्याने खिशातून ताईच्या गाडीची किल्ली काढून दाखवली. "ही मी घेतलीय. गाडी सिलिंडर डेपोच्या अंगणात उभी आहे, तिथेच राहू दे. रविवारी घरी बसून आईला सांगणार, आता बास. फेऱ्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावणार. तू फक्त येऊन बस. ती तुझ्याकडेच बघेल, तेव्हा हेच सांग, जे आत्ता सांगितलंस."

"ती बसेल का घरी?"

"मामा, बसलेली आई मला चालेल. दरीतली नाही."

पोरगा वाईट नव्हता. हिशोबही चुकला नव्हता.

बुधवारी ओळंब्याचं कामात लक्ष लागेना. एकच नट त्याने तीनदा आवळला. एका गाडीचं तेल काढलं आणि नवीन घालायच्या आधी चहाला निघून गेला. परत आल्यावर झाकण उघडं बघून स्वतःलाच शिवी दिली. जेवायला घरी आला तर ताट समोर आणि हा पाण्याच्या पेल्याखाली बोट घालून तो एका बाजूने उचलतोय, सोडतोय, उचलतोय.

बायकोने पेला काढून घेतला. "अहो, ताईंबरोबर गाडीत बसलात का एकदा?"

"मी कुणाबरोबर बसत नाही."

"ते जगाला माहीत आहे. मी विचारलं, बसलात का?"

"गाडी चांगली आहे म्हटल्यावर बसून काय बघू? तिचे हात?"

"मग तेच बघा. रविवारी तिच्या तोंडावर सांगणार ना, की दोष तिच्यात आहे? निदान बघून सांगा."

त्याला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. तो जेवणावरून लवकर उठला.

गुरुवारी सकाळी तो सिलिंडर डेपोच्या अंगणात पोचला तेव्हा ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली होती आणि इंजिन चालू होतं.

"किल्ली तर त्याच्याकडे आहे," ओळंबा म्हणाला.

"एक आहे." ताईने आरसा नीट केला. "दुसरी साखरेच्या डब्यात असते. त्याला डायबेटिसची भीती, तो त्या डब्याकडे फिरकत नाही."

मागची सीट पाडून डिकीपर्यंत सिलिंडर आडवी लावलेली होती. सहा. पट्ट्या आवळलेल्या. तीन धट्टीकट्टी माणसं मागे झोपवल्याइतकं वजन.

"आधी ही उतरव. मी रिकामी चालवून..."

"हे तुझं गॅरेज नाही. वर माणसं श्वास मोजत बसलीत. यायचं तर बस, नाही तर बाजूला हो."

तो बसला. शेजारच्या सीटवर. आपले हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते मांड्यांखाली घातले, शाळेतल्या पोरासारखे.

चढताना त्याने बहिणीला एखादी गाडी तपासावी तसं तपासलं. वळणाआधी वेग कमी करते की वळणात? आधी. आरसे बघते? बघते. समोरून येणाऱ्या दूधगाडीला जागा कधी दिली? त्याच्या मनात आलं त्याच्या आधी. पाय हलका, गिअर वेळेवर. वस्तीगणिक सिलिंडर बदलताना ती आत जायची आणि हा गाडीजवळ येरझाऱ्या घालायचा. एक तरी चूक सापडावी असं वाटत होतं आणि सापडू नये असंही. सापडली तर रविवारी तो खरं बोलणार होता. नाही सापडली तर काय बोलणार होता, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

परतीला सहाही सिलिंडर रिकामी होती. पण पोलाद ते पोलादच. आतली हवा गेली तरी वजन जवळजवळ तेवढंच राहतं. ओळंब्याने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो ताईचे हात बघत होता.

टाकीच्या वरचं उजवं वळण आलं. ताईने आधीच वेग उतरवला होता. दुसरा गिअर. वळणात शिरताना तिने पाय ऍक्सिलरेटरवरून उचलला. हात स्टिअरिंगवर स्थिर होते, दगडावर ठेवल्यासारखे. आणि गाडीचं नाक आपोआप आत वळलं.

हात हलले नव्हते. ते त्याने स्वतः पाहिलं. मग सीटखालून, कमरेच्या डाव्या बाजूला, काहीतरी सरकल्याचं त्याला जाणवलं. ताईने बोटभर स्टिअरिंग उलट दिलं, गाडी सरळ झाली.

"हे," ती म्हणाली. "तीन महिने हेच सांगतेय."

"परत कर."

"इथे मागे वळायला जागा आहे का, शहाण्या? पुढे टाकीचं वळण आहे. तिथे बघ."

टाकीच्या वळणावर पुन्हा तेच. डाव्या वळणांवर काही नाही. पाय दाबलेला असताना काही नाही. उजवं वळण, उतार, पाय वर, की डावीकडचं मागचं चाक आपल्या मनाने चालायला लागायचं. उजव्या वळणात सगळा भार त्याच चाकावर येतो. भार. ओळंब्याने मान वळवून मागे पाहिलं. सहा सिलिंडर ओळीने पडलेली होती.

तो एकदम मोठ्याने काहीतरी बोलला. इथे छापण्यासारखं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. गाडी चालव."

डेपोत पोचल्यावर त्याने सिलिंडरला हात लावू दिला नाही. रिक्षा करून गॅरेजात गेला, आणि खिळ्यावरून ओळंबा काढून, झटकून, खडूसकट घेऊन आला. सिलिंडर गॅरेजात न्यायची सोय नव्हती, म्हणून त्याचं गॅरेज आज अंगणात आलं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उट्या लावल्या, म्हणजे गाडी हलणार नाही. डाव्या मागच्या चाकाच्या पुढच्या कडेला ओळंबा सोडला, खूण. मागच्या कडेला, खूण.

"आता पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढ दे. बास. आता रिव्हर्स. हळू. धरून ठेव."

खडूच्या खुणा सरकल्या. चाकाची पुढची कडा सात मिलिमीटर बाहेर गेली होती. पुढे ओढ दिली की आत, मागे ओढ दिली की बाहेर. एखादं दार बिजागरीवर हलावं तसं.

मग डेपोतल्या हमालाकडून सिलिंडर उतरवली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एक मिलिमीटर.

तो जमिनीवर पाठीवर झोपला आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. डावं मागचं चाक धरणारा दांडा ज्या रबरी बुशमध्ये बसतो तो वरच्या अंगाने फाटला होता. भार आला की फट उघडायची. रिकाम्या गाडीत ओठ मिटायचे. आणि लिफ्टवर तर चाकं लोंबकळतात, तिथे फट मिटून रबर नव्यासारखं दिसायचं. पहारीनेही उघडलं नव्हतं. म्हणजे त्याने गाडी जितकी काळजीपूर्वक तपासली होती, तितकाच दोष लपत गेला होता.

खालूनच म्हणाला, "बुश फाटलाय."

"म्हणजे गाडी."

"गाडी."

तो बाहेर सरकला. ताई सिलिंडर वाहायच्या ढकलगाडीवर बसली होती.

"तीन महिने," ती म्हणाली, "रोज सकाळी उठल्यावर दोन्ही हात असे समोर धरून बघायचे. थरथरतात का म्हणून. थरथरत नव्हते. तरी वाटायचं, आपल्याला दिसत नसेल."

ओळंबा शर्टाची धूळ झटकत राहिला. धूळ गेली तरी झटकत राहिला.

"पेशंटला बोलू द्यायचं नाही," ताई पुढे म्हणाली, आणि आता तिचा नर्सचा आवाज परत आला होता, "अंगावरचं ओझं बाहेर काढून ठेवायला लावायचं, आणि मग म्हणायचं, तुला काही झालेलं नाही. आमच्याकडे असा डॉक्टर असता ना, तर रांग शवागाराबाहेर लागली असती. ओळंबा म्हणे! स्वतःच वाकडा."

"झालं बोलून?"

"आत्ता सुरुवात आहे."

शुक्रवारी बुश आला, दोन्ही बाजूंचे बदलले. शनिवारी सिलिंडर भरून ताईच चालवत वर गेली, हा शेजारी. उतरताना टाकीच्या वळणावर तिने मुद्दाम पाय उचलला. नाक जिथे होतं तिथेच राहिलं. ओळंब्याने तिला पायथ्यापासून गाडी फिरवून आणखी दोनदा तेच वळण घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "मी गाडी चालवतेय, झोका नाही."

रविवारी भाचा कागद घेऊन बसला होता. कागदावर मुद्दे होते, क्रमांक घातलेले. त्याने पहिला मुद्दा वाचायच्या आधीच ओळंबा बोलला. तो असं बोलायला सरावलेला नव्हता, त्यामुळे एका दमात बोलला.

"तुझं गणित बरोबर होतं. मी दिलेला आकडा चुकीचा होता. दोष गाडीत होता, मी रिकामी तपासली म्हणून सापडला नाही. बदललाय. तिचे हात मी पाहिलेत. माझ्यापेक्षा बरे आहेत."

भाच्याने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "तू म्हणालास, ठणठणीत."

"म्हणालो."

"मी आईला काय काय बोललो, माहीत आहे?"

"ते तुझं तू निस्तर. माझं मी तीन दिवस ऐकतोय."

भाचा आईकडे वळला. "तरी डोळे एकदा तपासून घे."

"घेतले. मंगळवारीच. कागद फ्रिजवर लावलाय. तुझं लक्ष माझ्या किल्लीवर होतं."

त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. ताईने ती त्याच्याकडे परत सरकवली. "राहू दे तुझ्याकडे. एक जास्तीची बाहेर असावी." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. भाच्याने मामाकडे पाहिलं. मामाने खिडकीबाहेर पाहिलं.

इथे हे संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी ओळंबा गॅरेजात आला तो कामाला न लागता कपाटापुढे बसला. प्रत्येक गाडीचं कार्ड तो जपून ठेवतो. ज्यांत काही सापडलं नाही त्यांवर कोपऱ्यात एक फुली असते. मंगळवारी भाच्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या कपाटात होतं. त्याने मोजलं. एकोणीस. एक फरशा बसवणारा. एक माळी, मातीची पोती नेणारा. तीन मुलांची आई. सगळ्यांना त्याने एकच सांगितलं होतं, तुमचा भास आहे.

फोन उचलून त्याने वरच्याच कार्डाचा नंबर लावला. कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवणारा माणूस, चार वर्षांपूर्वी आला होता.

"तुमच्या गाडीत स्पीकर असायचे ना? मोठे?"

"असायचे. तुम्हीच उतरवायला लावलेत की." पलीकडचा हसला. "का हो? काय झालं?"

"गाडी आहे अजून?"

"आहे. हल्ली मेहुणा चालवतो. मी सोडलं चालवणं. तुम्ही म्हणालात गाडीत काही नाही, मग म्हटलं आपलंच काहीतरी असणार."

ओळंब्याने कार्डावरून मान वर केली. दारावरच्या पाटीची मागची बाजू त्याच्यासमोर होती, कोरी.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," तो म्हणाला. "घेऊन या गाडी. स्पीकरसकट. दारात थांबा, मी बाहेर येतो. आणि मेहुण्याला नका पाठवू. तुम्ही चालवत या. मी शेजारी बसतो."